मापाने सापडणारे भाग : रामदासपेठेतील जुन्या मॉडेल ट्रेन आणि त्यांची दुरुस्ती

उत्पादन बंद झालेल्या मॉडेल ट्रेनचा एखादा सुटा भाग मिळवणे हे वरवर पाहता खरेदीचे काम वाटत असले, तरी ते मुख्यतः मोजमापाचे आणि वंशावळ लावण्याचे काम आहे. मॉडेल ट्रेन, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या आणि बहुधा विजेवर चालणाऱ्या प्रतिकृती, दोन रूपांत विकल्या जात आल्या : रुळांसह चालायला तयार असलेले संच, आणि ज्यांतील भाग घरी जोडून व रंगवून गाडी उभी करावी लागते असे जोडणीचे संच, म्हणजेच किट. दोन्हींच्या बाबतीत कारखान्याने एखादे मॉडेल बंद केले की काही वर्षांत त्याचे सुटे भागही बाजारातून नाहीसे होतात, आणि मग बोटाच्या पेरावर मावेल अशा एका दंतचक्रावाचून एरवी धडधाकट असलेले इंजिन कपाटात पडून राहते.

नागपुरातील रामदासपेठ या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी वस्ती आहे. सीताबर्डी आणि धंतोली यांना लागून असलेल्या या भागात डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशा मंडळींचे जुने बंगले होते, काही अजूनही आहेत, आणि त्यांपैकी अनेक घरांतील कोणी ना कोणी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी राहून आलेले असे. १९९१च्या आर्थिक सुधारणांपूर्वी अशा चैनीच्या वस्तूंची आयात जवळजवळ अशक्य असल्याने या गाड्या प्रवाशांच्या सामानातूनच येत, मुलांच्या हाती पडत, आणि मुले मोठी झाली की माळ्यावर जात. आता सेंट्रल बाजार रोड आणि कॅनॉल रोडच्या परिसरात बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती आणि रुग्णालये उभी राहत असल्यामुळे माळे रिकामे होतात, आणि जे संच कबाडीच्या हाती लागत नाहीत ते दुरुस्तीला येतात. ते येतात तेव्हा खोका बहुधा नसतो, ट्रान्सफॉर्मर हरवलेला वा बदललेला असतो, आणि गाडीची ओळख म्हणून मालकाकडे ‘इंग्लंडची’ किंवा ‘जर्मनीची’ एवढीच माहिती असते.

ही ओळख आधी पक्की करावी लागते, कारण विजेचा पुरवठाच देशागणिक वेगळा आहे. ब्रिटिश बनावटीच्या बहुतेक गाड्या १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजे डीसीवर, चालतात आणि दोन रूळ हेच त्यांचे धन व ऋण वाहक असतात. जर्मनीतील मॅर्कलिन कंपनीच्या गाड्या मात्र सुमारे १६ व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहावर, म्हणजे एसीवर, चालतात, त्यांचा एक वाहक रुळांच्या मध्यावर असतो आणि इंजिनाच्या पोटाखालची धातूची पट्टी त्याला घासत जाते. अशा इंजिनाची दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या तोडलेली नसल्याने ते दोन-रुळी डीसी मार्गावर ठेवताच शॉर्टसर्किट होते. अमेरिकन संचाचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टसाठी बनवलेला असल्यामुळे तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावला की जळतो, आणि त्यापाठोपाठ मोटरही जाण्याचा धोका असतो. म्हणून कोणतेही इंजिन प्रथम चालवून पाहू नये, उघडून पाहावे, हा या कामातील सर्वांत उपयोगी नियम होय.

ओळख पटली की वंशावळ सुरू होते, आणि येथेच कामाचा खरा कस लागतो. खेळण्यांच्या धंद्यात कंपन्या बुडतात, विकल्या जातात, एकमेकींत विलीन होतात. पण ज्या पोलादी साच्यात गाडीचे अंग ओतले जाते तो साचा महाग असल्याने सहसा टाकला जात नाही, नव्या मालकाकडे जातो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८मध्ये हॉर्नबी डब्लो ही मालिका काढली. १९६४मध्ये लाइन्स ब्रदर्सने मेकॅनो विकत घेतली आणि त्यांच्याच ट्रायँग गाड्यांशी हॉर्नबीचे नाव जोडले गेले. डब्लोचे साचे मात्र रेन या कंपनीकडे गेले, आणि तिने त्यांतून १९९२पर्यंत गाड्या काढल्या. याचा व्यवहारातील अर्थ असा की, हॉर्नबी डब्लोचा भाग शोधताना पुढच्या काळातील हॉर्नबी पाहून हाती काही लागत नाही, रेनचा भाग मात्र पुष्कळदा जसाच्या तसा बसतो. किटच्या बाबतीतही असेच घडले आहे. बाहुल्या बनवणाऱ्या रोझबड कंपनीने १९५९च्या सुमारास किटमास्टर या नावाने प्लास्टिकची इंजिने आणि डबे काढले, १९६२मध्ये ते साचे एअरफिक्सकडे गेले, आणि १९८०च्या दशकात डॅपॉलकडे आले. किटमास्टरच्या खोक्यातील हरवलेली शिडी किंवा बफर, म्हणजे डब्याच्या टोकाचा धक्का झेलणारा गोल भाग, त्यामुळे तीन वेगवेगळ्या नावांखाली शोधता येतो. इटलीच्या लिमा आणि रिवारोस्सी यांचा वारसा २००४मध्ये हॉर्नबीकडे गेला, हे माहीत नसलेला माणूस बंद पडलेल्या कंपनीच्या नावापाशीच थांबतो. नाव बदलते, साचा टिकतो; आणि ज्याला साच्याचा माग काढता येतो त्याचा निम्मा शोध घरबसल्या संपतो.

उरलेला निम्मा शोध व्हर्नियर कॅलिपरने करावा लागतो. सर्वांत अधिक वेळा बिघडणारा भाग म्हणजे प्लास्टिकचे छोटे दंतचक्र, ज्याला दुकानात पिनियन म्हणतात. पोलादी शाफ्टवर ते दाबून बसवलेले असते. प्लास्टिक वर्षानुवर्षे ताणाखाली राहून आकसते आणि शेवटी दोन दातांमधल्या खोलगट जागी उभे तडकते. तडा केसाएवढा असतो, साध्या डोळ्यांना दिसतही नाही, परंतु त्या जागी दातांतील अंतर किंचित वाढल्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन लंगडल्यासारखे चालते. घड्याळजी वापरतात ते भिंग डोळ्याला लावून, पिनियन नखाने हलकेच फिरवत, प्रकाश तिरपा पडेल असे धरले की तडा उजळ रेषेसारखा दिसतो.

नवे पिनियन शोधताना मॉड्यूल जाणून घ्यावे लागते. मॉड्यूल म्हणजे दातांच्या आकाराचे माप : चक्राचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याला दातांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने भागले की ते मिळते. बाहेरचा व्यास ८.८ मिलिमीटर आणि दात २० असतील, तर ८.८ भागिले २२ म्हणजे ०.४ मॉड्यूल. अडचण अशी की तडकलेले चक्र उघडून फुगलेले असते, त्यामुळे त्याचा व्यास मोजला तर मॉड्यूल चुकते. म्हणून माप त्याच्याशी जुळणाऱ्या धड चक्राचे घ्यावे आणि दोन शाफ्टांमधल्या अंतराशी ताडून पाहावे, कारण हे अंतर दोन्ही चक्रांच्या दातांच्या बेरजेला मॉड्यूलने गुणून केलेल्या निम्म्याएवढे असते. दहा आणि तीस दातांची ०.४ मॉड्यूलची जोडी असेल तर ते बरोबर ८ मिलिमीटर भरले पाहिजे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत मॉड्यूलऐवजी एका इंचाच्या हिशेबाने दात मोजण्याची पद्धत होती, आणि तिच्यातील ६४ हे माप मेट्रिकमध्ये ०.३९७ मॉड्यूल होते. ते ०.४च्या इतके जवळ आहे की लहान पिनियन मेट्रिक मिळाले तरी काम निभावते. सीताबर्डीतील दुरुस्तीच्या दुकानांत निकामी प्रिंटर, कॅसेट प्लेअर आणि सीडी ड्राइव्ह यांतून निघालेली चक्रे डब्यांत पडलेली असतात. तेथे ‘जर्मन इंजिनाचा गिअर’ मागणाऱ्याला नकार मिळतो, आणि ‘०.४ मॉड्यूल, दहा दात, दीड मिलिमीटर भोक’ असे सांगणाऱ्याला डबा पुढे केला जातो.

स्क्रूंच्या बाबतीतही मापच कामास येते. जुन्या ब्रिटिश इंजिनांत बीए पद्धतीचे आटे असतात, ज्यांचा कोन ४७.५ अंशांचा असतो, तर मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. ८ बीए स्क्रूचा व्यास २.२ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर ०.४३ मिलिमीटर असते. दोन मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू त्या भोकात सैल बसतो, आणि त्याहून मोठा दाबून बसवला तर मऊ धातूतील आटे कायमचे जातात. भारतातही जुन्या रेडिओंत आणि विद्युत-उपकरणांत बीए आटे सर्रास असत, त्यामुळे जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांच्या डब्यांत हे स्क्रू आजही सापडतात. परदेशातून मागवण्यापूर्वी तेथे पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे झिजतात, आणि ते गव्हाच्या दाण्याहून फारसे मोठे नसतात. मिक्सरचा कार्बन कानशीने घासून त्या मापाचा करता येतो, असा सल्ला दुकानात नेहमी मिळतो. तो घ्यावा असा नाही. मिक्सरचा कार्बन २३० व्होल्टसाठी बनवलेला, अधिक विद्युतरोध असलेला असतो आणि १२ व्होल्टच्या मोटरमध्ये तो बऱ्यापैकी दाब स्वतःच खातो. मोटारीच्या स्टार्टरमधील कार्बनमध्ये तांब्याची पूड मिसळलेली असते, त्याला तांबूस झाक असते, आणि कमी व्होल्टसाठी तो जास्त योग्य. तो सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून आकारास आणावा लागतो, कारण कानशीने कडा तुटतात. बसवण्यापूर्वी कम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या खंडित कड्याच्या, फटी लाकडी काडीने साफ कराव्यात. सुईने केल्या तर तांब्याची कड उचलली जाते आणि नवा कार्बन थोड्याच वेळात कुरतडला जातो.

काही बिघाडांवर मात्र सुटा भाग हा उपायच नसतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे, कथील किंवा कॅडमियम यांचे अगदी अल्प अंश राहिले, तर धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत गंज चढत जातो, अंग फुगते, वाकते, त्यावर भेगांचे जाळे पडते आणि शेवटी बोटाने दाबताच तुकडे पडतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ओतकामात हा दोष विशेष आढळतो, आणि उष्णता व दमटपणा यांनी तो वाढतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे आणि लगेच जूनमध्ये हवा ओली होणे, हा नागपूरचा क्रम अशा धातूला फार जड जातो. प्लास्टिकची अंगेही या उन्हाळ्यातून सुटत नाहीत : ट्रायँगची पूर्वज असलेल्या रोव्हेक्सने १९५०मध्ये काढलेल्या इंजिनाचे अंग सेल्युलोज ॲसिटेटचे होते, आणि ते थंड देशांतही वाकडे होत असे, मग पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल हे सांगायला नको. फुगलेल्या जस्ताच्या सांगाड्याच्या जागी पितळेच्या पट्ट्यांचा नवा सांगाडा करणे हाच मार्ग उरतो. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला भंडारा नागपूरपासून जवळ आहे, इतवारीच्या धातूबाजारात पट्टी मिळते, आणि डाग देता येणाऱ्या माणसाला हे काम अवघड नाही. वेळखाऊ आहे, इतकेच.

किटमधील बाह्य भाग, म्हणजे दारे, बफर, धुराडे, शिड्या, यांची नक्कल करण्यासाठी रामदासपेठेत एक सोय आहे जी इतर वस्त्यांत सहजी नसते. दवाखान्यांनी भरलेल्या या परिसरात दंतवैद्यकीय साहित्य हाताशी असते, आणि दातांचा ठसा घेण्याचे सिलिकोन साच्यासाठी उत्तम ठरते, कारण ते वीस-पंचवीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा-पन्नासावा हिस्सा, इतका सूक्ष्म तपशीलही टिपते. डब्याच्या एका बाजूचा शाबूत बफर त्यात दाबून ठसा घ्यायचा आणि कृत्रिम दात बसवण्यासाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक त्यात भरायचे. हा पदार्थ आळताना किंचित आकसतो, म्हणून दिसण्यापुरत्या भागाला तो चालतो, दंतचक्राला चालत नाही.

अलीकडे त्रिमितीय छपाईवर, म्हणजे संगणकातील आकृतीवरून थरावर थर रचून वस्तू बनवण्याच्या पद्धतीवर, पुष्कळ भिस्त ठेवली जाते. वितळलेला धागा ओतणाऱ्या स्वस्त यंत्राचे तोंड बहुधा ०.४ मिलिमीटर रुंद असते आणि ०.४ मॉड्यूलचा दात मध्यावर जेमतेम ०.६३ मिलिमीटर जाड, म्हणजे दीड रेघेत एक दात काढण्यासारखे आहे, आणि असा दात टिकत नाही. द्रवरूप रेझिनची यंत्रे, जी आता दंत-प्रयोगशाळांतही आली आहेत, ०.०५ मिलिमीटरच्या थरांत आकार नेमका काढतात, परंतु साधे रेझिन ठिसूळ असते. दर्शनी भागांसाठी छपाई, चालत्या भागांसाठी पितळ किंवा जुने चक्र, ही विभागणी अनुभवाने पक्की ठरलेली आहे.

नागपूरच्या संदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून हे शहर नॅरोगेजचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या अरुंद मार्गांचे, केंद्र होते. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५मध्ये आणि नागपूर–नागभीड २०१९मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तत्पूर्वी, १४ डिसेंबर २००२ रोजी, मोतीबाग येथे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले होते. ज्या छोट्या गाडीने आजोळी जाणे झाले तिची प्रतिकृती घरात असावी, ही इच्छा विदर्भात खरी आणि खोल आहे. पण तिचे किट दुकानात मागून मिळावे असे कधी नव्हते. ती प्रतिकृती घडवावी लागते, आणि तेथे पुन्हा बंद पडलेल्या उत्पादनांचीच गाठ पडते. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे ८.७६ मिलिमीटर होतात, जे एन या लहान मापाच्या ९ मिलिमीटर रुळांच्या अगदी निकट आहे. म्हणून नॅरोगेज इंजिनाचे पत्र्याचे अंग घरी घडवून त्याखाली एखाद्या जपानी वा जर्मन एन मापाच्या इंजिनाची चाके व मोटर बसवतात, आणि ते मूळ इंजिन बंद झाले की नॅरोगेजची प्रतिकृतीही अडते. गंमत अशी की भारतीय ब्रॉडगेजला हे भाग्य लाभत नाही : १६७६ मिलिमीटरचे त्या प्रमाणात १९.३ होतात, तर मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे, त्यामुळे मोठी गाडी बाजारातील रुळांवर उभी केली की कायम अरुंद पायांवर उभी दिसते. छोटी गाडी मात्र मापात बसते.

पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले आणि १९९८पासून खुले असलेले लघुरेल्वे संग्रहालय हे या छंदाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक ठिकाण आहे. गाड्या काचेमागे ठेवल्या तर झिजत नाहीत. तेथे त्या प्रेक्षकांसमोर चालतात, आणि चालत्या गाडीला सुटे भाग लागतातच. अशा ठिकाणांमुळेच दुरुस्तीची कला जिवंत राहते, हे मान्य केले पाहिजे.

भाग परदेशातून मागवणे आज शक्य असले तरी स्वस्त राहिलेले नाही. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३मध्ये ७० टक्के, आणि १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानकांची सक्ती लागू झाली. देशी उद्योगाला त्याचा लाभ झाला असेलही; परंतु पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनाचे पिनियन बनवणारा देशी उद्योग त्यातून निर्माण होत नाही. म्हणून पुष्कळ जण एक बंद इंजिन विकत घेऊन त्याचे भाग दुसऱ्याला लावतात. हा मार्ग सोपा आहे, पण प्रत्येक वेळी जगातून एक इंजिन कमी होते, आणि ज्या भागासाठी ते मोडले तो भाग बहुधा दोन्हींमध्ये सारखाच झिजलेला असतो. ज्याचे अंग किंवा सांगाडा आधीच गेला आहे त्याचेच भाग काढावेत, चालू होण्याजोगे इंजिन मोडू नये. आणि बदललेला मूळ भाग, तुटका असला तरी, चिठ्ठी लावून खोक्यात जपावा, कारण पुढच्या दुरुस्तीला नेमके माप त्यावरूनच मिळते.

रामदासपेठेतील किंवा कुठल्याही जुन्या घरातील माळा रिकामा करणाऱ्यांना म्हणून एक कळकळीची विनंती आहे. गाडी फुटकी दिसली तरी ती टाकू नका. खोक्याच्या कडेवरील क्रमांकाची पट्टी, आतला माहितीचा कागद, सुटे पडलेले चाक, स्क्रू, रबराचे कडे, जे काही सापडेल ते एका पिशवीत गाडीसोबतच ठेवा, आणि ट्रान्सफॉर्मर मूळचा की नंतर घेतलेला, एवढे कागदावर लिहून त्यात टाका. गाडी चालवायची नसेल तर ती चालवू शकेल अशा कोणाला तरी द्या, पण पिशवीसकट द्या.